पहिली रेकॉर्ड कुठली घ्यावी

माझं लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं की मुलगा विक्रोळीला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे, निर्व्यसनी आहे आणि घाटकोपरला पंतनगरात त्याची स्वतःची जागा आहे. रेकॉर्डींबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. घरात पाऊल टाकलं तर आतल्या खोलीची एक अख्खी भिंत रेकॉर्डींनी भरलेली. माझ्या साड्यांना पलंगाखालची ट्रंक मिळाली.

आमचं मूळ देवगडकडचं. वडील गिरणीत होते. घरी गाणं म्हणजे भजन, गणपतीतल्या आरत्या आणि रेडिओ. नवरा लावायचा ते जॅझ आणि ब्लूज. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एक बाई जड आवाजात तीच ओळ दोनदा म्हणायची, मग तिसरी वेगळी, आणि पुन्हा तसंच. मी एकदा विचारलं, "अहो, ही बाई रडते कशाला?"

"नवरा सोडून गेलाय."

"आणि मगाशी लावलेल्या गाण्यात?"

"त्यातही नवराच गेलाय."

"मग तिला सांगा, आता पुरे. तो काय परत येत नाही."

ते इतके हसले की त्यांनी सुई उचलून ठेवली. तेव्हा आमचं बरं चाललं होतं.

हे वेड त्यांना कुर्ल्यात लागलं. लहानपणी ते तिथे चाळीत राहायचे. मागेच ख्रिश्चनांची वस्ती, आणि तिथे एक ट्रम्पेट वाजवणारे गृहस्थ राहत. सगळे त्यांना अंकल म्हणत. हॉटेलांच्या बँडमध्ये ते वाजवायचे, परदेशी खलाशांकडून रेकॉर्डी मिळवायचे. पुढे हॉटेलांतले बँड बंद पडत गेले, अंकल लग्नात आणि मयतीला वाजवू लागले. पण त्यांच्या घरी जाऊन ऐकायचं हे ह्यांचं चालूच राहिलं. कुठली रेकॉर्ड चांगली, कुठली नुसती नावाला, हे सगळं त्यांनी अंकलकडून घेतलं.

ऐंशी सालानंतर घरोघरी टेपरेकॉर्डर आले, मग कलर टीव्ही आले, आणि लोक रेकॉर्डी काढून टाकू लागले. त्याच वेळी काही जणांना त्या जमवायचा नाद लागला. ही माणसं रविवारी सकाळी आमच्याकडे यायची. मुलुंडचे एक बँकवाले, अंधेरीचे एक डॉक्टर, बोरिवलीचे एक गृहस्थ ज्यांचा स्वतःचा छोटा छापखाना होता. सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा. पहिली कुठली घ्यावी?

मी पोह्यांची बशी पुढे करता करता नवऱ्याचं उत्तर इतक्यांदा ऐकलंय की आजही तोंडपाठ आहे.

"पहिली रेकॉर्ड थोड्या माणसांची घ्या. तिघांची. पियानो, बेस आणि ड्रम. म्हणजे कान कुठे ठेवायचा ते कळतं. मोठा बँड नंतर. ब्लूज घ्यायचं तर एकटा माणूस आणि गिटार, जितकं जुनं तितकं बरं. चरचर असू दे. चरचर साफ करून पुन्हा काढलेली घेऊ नका, त्यात माणूसही साफ होऊन जातो. एकाच वादकाची स्टुडिओतली आणि कार्यक्रमातली अशा दोन मिळाल्या तर कार्यक्रमातली उचला. मागे ग्लास वाजतात, कुणी खोकतं. तो वाजवणारा कुणासाठी तरी वाजवतोय हे समजतं."

मग एक रेकॉर्ड लावायचे. सॅक्सोफोनची, संथ. एका ठिकाणी बोट वर करून म्हणायचे, "इथे बघा. त्याने श्वास घेतला." सगळे मान डोलवायचे. मला काही ऐकू यायचं नाही. बाकीच्यांनाही येत नसावं असा माझा संशय होता.

आमची मुलगी बालवाडीत जायला लागली त्या वर्षी नवऱ्याला खोकला लागला. आधी कारखान्यातली धूळ म्हणून सोडून दिलं. मग ताप यायला लागला, शर्ट खांद्यावरून लोंबायला लागले. एक्स-रे काढला. टीबी निघाला.

सोसायटीत कुणाला कळू दिलं नाही तरी कळलंच. शेजारच्या बाई मुलीला खेळायला बोलवायच्या बंद झाल्या. मी नवऱ्याचं ताट-भांडं वेगळं केलं, कारण दवाखान्यात तसं सांगितलं होतं, आणि ते वेगळं घासताना मला रोज रडू यायचं. गोळ्या चालू झाल्या आणि रोज सकाळी म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन. महिन्याभरात ताप उतरला. त्यांनी मागून भात घेतला त्या दिवशी मी देवापुढे नारळ ठेवला. वाटलं, सुटलो.

मग ते म्हणाले, "सुई गेलीय वाटतं."

सुई बदलली. तरी त्यांचं समाधान होईना. तिघांची एक आवडती रेकॉर्ड होती, ती लावायचे आणि म्हणायचे, ड्रमवाल्याची झांज लागत नाहीये, बारीक वाजायला हवी ती. मग म्हणाले, रेकॉर्डच घासली गेली. रात्री कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं, हेही एकदा बोलून गेले. अशक्तपणाने होत असेल, असं मी म्हटलं. त्यांनाही ते पटलं.

एका शनिवारी दुपारी ती रेकॉर्ड घेऊन आम्ही अंकलकडे गेलो. अंकल तेव्हा एकटेच राहत. मुलगी कॅनडाला गेली होती. त्यांनी आपल्या मशीनवर रेकॉर्ड लावली आणि डोळे मिटून घेतले. नवरा मशीनला कान लावून बसला.

"अंकल, ती झांज बघा. गेलीय ना?"

"कुठे गेली रे? वाजते ना मस्त."

"आता?"

"आता पण वाजते. अरे बाबा, तो पूर्ण टाइम वाजवतोय ती."

"तुम्हाला आठवते म्हणून वाटतंय."

अंकलनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तुला येते ऐकू?"

मला येत होती. तांदूळ सुपात पाखडावे तसा आवाज, न थांबता. मी होकारार्थी मान हलवली. नवऱ्याने ते पाहिलं. त्यांनी रेकॉर्ड काढली, फडक्याने पुसली आणि पाकिटात घातली. अंकलनी केलेला चहाही घेतला नाही. बसस्टॉपवर मला म्हणाले, "कुणाला सांगू नकोस एवढ्यात."

दवाखान्यातले डॉक्टर वाईट नव्हते. समोर एवढी रांग असूनही त्यांनी नीट ऐकून घेतलं. "ह्या इंजेक्शनने होतं असं काहींना," ते म्हणाले. "आधीच सांगायला हवं होतं तुम्ही. आता बंद करतो, दुसरी गोळी देतो."

"गेलेलं परत येईल?" नवऱ्याने विचारलं.

"ते नाही सांगता येणार."

"म्हणजे नाही."

डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडात धरला. मग म्हणाले, "छाती साफ होतेय तुमची. जगलात, हे बघा ना."

इंजेक्शन बंद झालं, पण कान उतरतच राहिले. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, जिथे आहे तिथे थांबेल. आधी झांज गेली, मग पियानोचे वरचे सूर, मग मुलीचा आवाज. तिचा आवाज बारीक होता. ती शाळेतून आल्यावर लांबच लांब गोष्टी सांगायची, "बाबा, आज ना, आमच्या बाई ना..." आणि ते तिच्या ओठांकडे बघत बसायचे. हळूहळू ती दोन-दोन शब्दांत बोलायला लागली. बाबा जेवा. बाबा फोन. बाबा सही. पाच-सहा वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलं नाही. तिचं तिनेच समजून घेतलं.

कानाचं मशीन घेतलं. ते लावून त्यांनी सॅक्सोफोनची रेकॉर्ड लावली आणि दोन मिनिटांत मशीन काढून टेबलावर ठेवलं. "पत्र्यावर खडे टाकतंय कुणीतरी," म्हणाले. ऑफिसात बोलण्यापुरतं लावायचे. ड्रॉइंगच्या कामाला कान लागत नव्हते म्हणून नोकरी टिकली.

रविवारची माणसं मात्र येतच होती. त्यांना आजार माहीत होता, कानांचं नव्हतं. नवरा जुन्या आठवणीवर सांगत राहायचा आणि त्यांचं सांगणं अजूनही बरोबरच असायचं. पण एकदा छापखानेवाले एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन आले. एक विलायती, एक देशी. कुठली ठेवू, म्हणाले. नवऱ्याने दोन्ही लावल्या. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. असं त्यांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मी पहिल्या रेकॉर्डकडे हळूच बोट केलं. ते म्हणाले, "विलायती ठेवा." गृहस्थ खूश होऊन गेले.

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी ऐकू लागले. संध्याकाळी मी कॉलेजच्या ऑफिसातून यायची, तिथे मी टायपिस्ट होते. कुकर लावायचा आणि मग दोघांनी रेकॉर्डपुढे बसायचं. ते शिकवायचे, मी मोठ्याने सांगायची. बेस आला. आता ड्रम थांबला. आता पियानो एकटाच. ते सुईखालची चकती बघत बसायचे आणि माझ्या शब्दांवरून आपल्या मनात ते वाजवायचे.

"तिथे तो श्वास घेतो. आला?"

"नाही आला."

"पुन्हा लाव."

"अहो, नाही येत मला."

"पुन्हा लाव गं."

किती संध्याकाळी गेल्या असतील. एके दिवशी भाजीला फोडणी देऊन आले, बसले, आणि आला. अगदी स्पष्ट. एक माणूस दमून श्वास घेतो, आणि मग जे वाजवतो ते असं वाजवतो की माझ्या अंगावर काटा आला. मला त्या क्षणी माझे वडील आठवले, गिरणीतून येऊन दारात टेकणारे. मला काही सांगायचं सुचलं नाही. मी ऐकत राहिले. बेस आला, गेला, पियानो आला, मी काहीच बोलले नाही.

बाजू संपली तेव्हा मी वर पाहिलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तुला ऐकू येतंय," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. आनंदानेच म्हटलं. वाटलं, त्यांनाही बरं वाटेल, इतक्या दिवसांच्या शिकवण्याचं चीज झालं. ते उठले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले, हात धरला. त्यांनी हात सोडवून घेतला नाही, पण खाली रस्त्याकडेच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी कुकर लावून येऊन बसले. ते पेपर वाचत होते. "लावू?" मी खुणेने विचारलं. त्यांनी मान हलवली. नको. त्यानंतर त्यांनी मला कधी ऐकायला बसवलं नाही. मी एकटीने लावलं असतं तर त्यांना कळलंही नसतं, चकती फिरताना दिसली नसती तर. पण ते घरात असताना मला लावता येईना, आणि ते घरात नसताना लावणं चोरून खाल्ल्यासारखं वाटे. इतक्या उशिरा मला ते गाणं लागलं आणि लागल्या लागल्या बंद झालं. भांडण झालं असतं तरी परवडलं असतं.

अंकलना त्यांची मुलगी कॅनडाला घेऊन गेली. निरोप घ्यायला आले तेव्हा नवऱ्याशी बोलण्यासाठी मोठ्याने ओरडत होते. शेजारी दारं उघडून बघत होते. नवरा नुसता हसत होता. काय बोलले ते कळलं नसावं.

रविवारची माणसं कमी होत गेली. कुणाला तरी कानांचं कळलं असणार, मग सगळ्यांनाच कळलं. अंधेरीचे डॉक्टर एकदा मिठाईचा पुडा ठेवून गेले, पुन्हा आले नाहीत. दोन पावसाळे कुणी रेकॉर्डींना हात लावला नाही. मी एकदा पाकीट काढलं तर आत पांढरी बुरशी. मी त्यांना दाखवली. त्यांनी पाहिली आणि म्हणाले, "देऊन टाकू."

सगळ्या रेकॉर्डी बोरिवलीला गेल्या, त्या छापखानेवाल्यांकडे. माणूस सज्जन. त्यांनी एकेक धुऊन, पुसून, नवी पाकिटं घालून लावली आणि आम्हाला आग्रहाने बोलावलं. जायला नको होतं. त्यांच्याकडे मोठे नवे स्पीकर होते, चार पाहुणे होते. त्यांनी तिघांची ती रेकॉर्ड लावली. झांज इतकी स्वच्छ वाजत होती की मी खाली मान घालून बसले. छापखानेवाल्यांना वाटलं असावं, ह्यांच्यासाठी काहीतरी करावं. त्यांनी नवऱ्याचा हात धरून स्पीकरच्या लाकडी पेटीवर ठेवला आणि अपेक्षेने त्यांच्याकडे पाहिलं. पाहुणेही बघत होते.

नवऱ्याने थोडा वेळ हात ठेवला.

"काय वाटतं?" छापखानेवाल्यांनी ओठ मोठे हलवत विचारलं.

"थरथरतंय," ते म्हणाले. "फ्रिजही थरथरतो."

गाणं चालू राहिलं. मुलुंडचे बँकवाले तिथे होते, ते उगाचच खिशात रुमाल शोधत होते. नवरा आपल्या जागेवर येऊन बसला आणि बाजू संपेपर्यंत सभ्यपणे बसून राहिला.

घरी रिकाम्या भिंतीला आम्ही लोखंडी कपाट लावलं. मुलगी दहावीला गेली, तिची पुस्तकं त्यात बसली. नवरा रोज वेळेवर कारखान्यात जायचा, वेळेवर यायचा, जेवायचा. छाती पूर्ण बरी झाली होती. दरवर्षी एक्स-रे काढायचा, आणि दरवर्षी तो स्वच्छ यायचा. मी एक्स-रेचं पाकीट त्यांच्या हातात द्यायची, ते उजेडात धरून बघायचे आणि मला परत करायचे. मी काहीतरी बोलायची. त्यांनी ओठांकडे बघणंही सोडून दिलं होतं.