अ‍ॅम्प लागतो की नाही

भोकरदनचा माझा मित्र शाळेत विज्ञान शिकवायचा. आम्ही जालन्याला होस्टेलवर एका खोलीत होतो आणि तेव्हापासून त्याने वाद घातला नाही अशी एकही भेट मला आठवत नाही. चहात साखर आधी की पत्ती आधी, यावर त्याने एकदा माझी बस चुकवली होती. हार मानणं त्याला माहीतच नव्हतं. अगदी कोपऱ्यात गाठलं तर म्हणायचा, "तुझं बराबर आहे, पण पूर्ण बराबर न्हाई."

मी जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिकलचा सुपरवायझर. लाल सळई रुळांतून धावायला लागली की शेजारच्या माणसाशीसुद्धा हातवारे करून बोलावं लागतं. कानात घालायला बोळे मिळतात. ते आमच्या खिशात असायचे. कान बंद केले तर मोटारीचं दुखणं कळणार कसं? स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि कुठलं बेअरिंग जायला आलंय ते सांगायचं, ही माझी ख्याती. घरी मी टीव्हीचा आवाज वाढवायचो, बायको कमी करायची. याला मी संसार समजत होतो.

आमच्या खोलीतला तिसरा आष्टीचा. गळा होता तो त्याच्याकडेच. मागच्या उन्हाळ्यात तो गेला. कपाट आवरताना त्याच्या बायकोला एक कॅसेट सापडली, ती तिने भोकरदनला पाठवली. होस्टेलवर आम्हीच भरलेली. तो गातोय, मित्र पत्र्याची पेटी बडवतोय आणि मी स्टीलच्या ग्लासवर चमचा वाजवतोय. मला सूर नव्हता. "याच्या हातात चमचा द्या, म्हंजे तोंड बंद राहील," असं गाणाऱ्यानेच ठरवलं होतं. त्या गाण्यात माझं म्हणून जे काही होतं, ते तेवढंच.

मित्राने कॅसेटवरचं गाणं संभाजीनगरहून मोबाइलमध्ये उतरवून आणलं. मोबाइलच्या स्पीकरवर नुसती खरखर आणि पेटीचा दणका. मग त्याने आठवडाभर वाचन केलं आणि कानात घालायचे इअरफोन निवडले, दीडशे ओहमचे. बारीकसारीक आवाज वेगवेगळे ऐकू येतात म्हणे. आम्ही दोघांनी एकसारखे दोन जोड मागवले.

रविवारी मी भोकरदनला गेलो. त्याच्या जुन्या मोबाइलला अजून गोल पिनेचं भोक आहे. आधी त्याने ऐकलं. डोळे मिटले, मांडीवर ताल धरला. आवाज निम्म्यावर होता.

"चमचा काय वाजवला रे तू," तो म्हणाला. "एकदम साफ."

मी माझा जोड लावला. गाणारा कुठेतरी भिंतीपलीकडे गात होता. आवाज पूर्ण केला. भिंत थोडी पातळ झाली, पण चमचा नव्हता.

"याला अ‍ॅम्प लागतो," मी सांगून टाकलं. म्हणजे आवाजाला जोर देणारा वेगळा डबा.

"बिलकुल न्हाई लागत."

"दीडशे ओहम आहेत. मोबाइल काय ढकलणार त्याला?"

"ओहम वाढले की करंट कमी लागतो. धाव्वीचं पोरगं सांगंल."

"करंट कमी, पण जोर जास्त लागतो. मोबाइलमध्ये तेवढा व्होल्टेज न्हाई. मी रोज तेच करून राह्यलो, तू मला शिकवतो का?"

"नुसते ओहम बघून चालत न्हाई. इअरफोन थोड्या जोरावर वाजणारा असला, मंग?"

आम्ही दुपारभर भांडलो. फार दिवसांनी इतका छान वाद झाला होता. बोलण्याच्या भरात मी एक गोष्ट बाजूला ठेवली, की मोबाइल एकच होता आणि गाणंही तेच.

माझाच जोड खराब आला असणार, म्हणून पुढच्या खेपेला मल्टिमीटर नेला. दोन्ही जोड मोजले, सारखेच निघाले. मग अदलाबदल केली. त्याला माझ्या जोडावर निम्म्या आवाजात चमचा ऐकू आला. मला त्याच्या जोडावर पूर्ण आवाजातही आला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तुला हळू ऐकायची सवय आहे, शाळेतला माणूस तू." त्याने मल्टिमीटर परत माझ्या पिशवीत ठेवला. तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती. मी खूश झालो, की आज याला उत्तर सुचलं नाही.

अ‍ॅम्प मी हट्टाने मागवला. तळहातात मावेल असा काळा डबा, वर आवाजाचं बटण. तो घेऊन बसमध्ये बसलो तेव्हा माझी छाती फुगली होती. जोडणी मीच केली. गाणं सुरू झालं आणि मी बटण फिरवत गेलो. गाणारा भिंतीतून बाहेर आला, खोलीत आला, कानाशी आला. पेटी छातीत दणकायला लागली. त्याचा श्वास ऐकू आला. इतक्या दिवसांनी तो इतका जवळ आला, मला भरून आलं. मी आणखी फिरवलं. कान दुखायला लागले. चमचा नव्हता.

"कुठं वाजतो नेमका?" मी विचारलं.

मित्र स्वतःच्या मांडीवर बोट आपटून मला जागा दाखवायला लागला. हे बघ, इथं. परत इथं. मी त्याचं बोट बघत होतो. बोट वाजत होतं आणि माझ्या कानात त्या जागेवर काहीच नव्हतं. ग्लास हातात घट्ट धरला की आवाज बसका येतो, म्हणून मी तो तीन बोटांवर तोलून धरायचो, हे मला आठवत होतं. हात आठवत होता. आवाज नव्हता.

मित्राने माझ्या कानातले इअरफोन काढून स्वतःच्या कानात घातले. बटण मी होतं तिथेच ठेवलं होतं. घातल्याबरोबर त्याने ते ओढून काढले आणि दोन्ही तळवे कानांवर दाबून बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आवाजाने आलं असेल, असं मी धरून चाललो.

त्याने इअरफोनच्या वायरीची गुंडाळी केली. मग म्हणाला, "तुझं बराबर आहे. अ‍ॅम्प लागतो."

मी पुढच्या शब्दांची वाट पाहिली. ते आले नाहीत.

अख्ख्या ओळखीत मी त्याच्याशी जिंकलेला हा पहिला वाद. "अरे, न्हाई लागत," असं मी म्हणायला हवं होतं, पण मी काळा डबा पिशवीत भरायला लागलो. त्याच्या बायकोने चहा आणला. तिने काहीतरी विचारलं, मी मान हलवली. साखर आणखी हवी का असं तिने विचारलं होतं, हे ती साखरेचा डबा घेऊन आली तेव्हा कळलं.

नंतर जालन्यात कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर एक रेघ दाखवली, जाड आवाजांपाशी बरी चाललेली आणि मग बारीक आवाजांपाशी एकदम खाली पडलेली. पडलेल्या भागातले आवाज परत येत नाहीत, म्हणाले. मशीन लावलं तर बोलणं कळायला मदत होईल, आणि आहे तेवढं जपा. मी विचारलं, चमच्याचा आवाज? त्यांना प्रश्न कळला नाही, आणि मला समजावून सांगता आला नाही.

अजूनही मी रविवारी भोकरदनला जातो. मित्र आता माझ्यासमोर बसून, माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा बोलतो. शाळेत मागच्या बाकासाठी बोलायचा तसं. वादाचं नाव काढत नाही. मागच्या खेपेला मला राहवलं नाही. मी मुद्दाम, चेहरा सरळ ठेवून म्हणालो, "ओहम वाढले की करंट वाढतो, म्हणूनच तर अ‍ॅम्प लागतो."

आयुष्यभर त्याने याच्या उलट शिकवलं. असं लिहिणाऱ्या पोराला बाकावर उभं केलं असेल. मी वाट पाहत होतो. खरं सांगायचं तर मनातल्या मनात हात जोडले होते, की घाल बाबा शिव्या, माझी अक्कल काढ.

त्याने खुर्ची थोडी पुढे ओढली. मग मोठ्याने, नीट ऐकू यावं असं म्हणाला, "हो. बराबर आहे तुझं."