उजव्या पायावरची फुली

आमच्या दवाखान्यातले नाना गेल्याचं मला लालबागला, बुऱ्हाणपूरच्या स्टेशनाबाहेर कळलं. त्यांच्या सूनबाई खंडव्याच्या इस्पितळातून परतल्या होत्या. पाय कापला, तरी वाचले नाहीत, एवढं सांगितलं. मग म्हणाल्या, "उजव्या पायाचं रक्त दोन वर्षांपासून बंद होतं म्हणे. त्यांना ठाऊक होतं. आम्हाला तर बोलले नाहीत... तुमच्यापाशी तरी बोलले असतील." मी नाही म्हटलं. त्याला दीड महिना झाला. माझा राग अजून गेलेला नाही.

मी आर्वीकडची, सहावीतच शाळा सुटलेली. लग्न होऊन बुऱ्हाणपूरला आले त्याच सुमारास राज्यांची नवी जुळवाजुळव झाली. माहेर एका राज्यात राहिलं, मी दुसऱ्यात. सिंधीपुऱ्यातल्या दवाखान्यात मी फरशी पुसायची आणि नाना जखमा बांधायचे. दिवसभर मागापाशी उभे राहणारे, बिड्या ओढणारे विणकर यायचे, पायाची जखम महिनोन् महिने न भरलेली. नानांनीच एकदा माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि नाडी बघायला बसवलं. तीन बोटं, अगदी हलकी. पायाचा अंगठा वर करायला सांगायचा, पावलावर दोरीसारखी शीर उठते तिच्या बाहेरच्या अंगाला चाचपायचं. तिथे नसेल तर आतल्या घोट्याच्या मागे. ठोका लागला की जांभळ्या पेन्सिलीनं फुली, म्हणजे उद्या बघणाऱ्याला शोधावं लागत नाही. आणि दोन्ही पाय बघायचेच. "एका पायावरून बोलायचं नाही, बेटा," म्हणायचे. आपल्या बोटांतही ठोका असतो, तो फसवतो. म्हणून दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट धरायचं. दोन्ही ठोके एकाच वेळी पडले तर समजायचं, नाडी आपलीच आहे.

सरावाला ते स्टुलावर स्वतःचा पाय ठेवायचे. नेहमी डावा. उजवा मागितला की म्हणायचे, "त्याला गुदगुल्या होतात." मी हसायची. स्वतः परसात बिडी ओढून यायचे, त्यालाही हसायची.

मागच्या दिवाळीआधी डॉक्टर म्हणाले, हिला येत असेल तर मदतनीस म्हणून कायम करू. मी हट्टानं नानांना म्हटलं, आज उजवा द्या, नाहीतर मला आलं कसं म्हणू? त्यांनी स्टूल पुढे ओढलं. मग चप्पल काढली. पाय गार होता. फरशीमुळे असेल, असं मीच मला सांगितलं. मी तीन बोटं टेकवली. मनगट धरलं तर हिला खात्री नाही असं दिसेल, म्हणून धरलं नाही. ठोका लागला, स्पष्ट. मी फुली मारली. नानांनी फुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर," म्हणाले.

मी कायम झाले. त्या दिवशी त्यांच्या पाया पडले, त्याच पायांच्या... त्यांनी नुसतं "मनगट धर" म्हटलं असतं, तर ठोका माझ्याच बोटांतला होता हे तेव्हाच कळलं असतं. माझी नोकरी वाचवली की स्वतःचं गुपित, हे आता विचारायचं कुणाला? माझं घर त्या नोकरीवर चालतं, म्हणून धड रागावताही येत नाही.

स्टूल तिथेच आहे. लाकडावर डावीकडे जांभळे ठिपके आहेत, पेन्सिल टोकरून बघायची त्यांची सवय. उजवीकडे लाकूड कोरं. काल एक विणकर आला, दुखरा पाय वर ठेवला, म्हणाला, दूसरा ठीक है बाई, रहने दो. मी डाव्या हातानं स्वतःचं मनगट धरलं आणि म्हटलं, पहले वही दिखाओ.