ठकुबाईची तांबडी भिंत

ठकुबाईबद्दल लिहावे असे बरेच दिवस मनात आहे. नीट जमेल की नाही, ठाऊक नाही. कामतघरच्या चाळीत ती माझ्या शेजारी राहते. नवरा गेल्यावर लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरून तिने मुलाला, प्रितमला वाढवले. जात वारली, गाव डोंगरातला एक पाडा.

प्रितमचे दिशाशी लग्न ठरले आणि खोली रंगवायला काढली. रंगाऱ्याने भिंतीवर दोन पट्टे ओढून दाखवले, एक गेरूसारखा तांबडा, दुसरा फिकट मलईचा. वारल्यांत लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात देवी बसते. चौक नसेल तर लग्न लागले असे ठकुबाई मानत नाही. विधवेचा हात त्याला चालत नाही, म्हणून तिची सवाष्ण बहीण सखी गावाहून येणार होती.

ठकुबाईने पीठ कालवून दोन्ही पट्ट्यांवर बोट ओढले. तांबड्यावर रेघ उठून दिसली. मलईवर काहीच दिसेना.

"बघ. देवी कुठं बसंल?"

"आये, खोली केवढीशी! गुहा वाटंल. दिशाच्या घरचे हसतील."

"व्याही हाय का वाघ हाय? एवढा भितोस!"

मी भीत भीत म्हणालो, एकच भिंत तांबडी करा. प्रितम "बरं" म्हणाला. त्या भरवशावर ती बहिणीला आणायला गेली.

दोघी परतल्या तेव्हा चारही भिंती मलई. एका भिंतीवर धामणकर नाक्याहून आणलेले स्टिकर, काळ्या रेघांची वारली माणसे फेर धरून नाचताहेत.

"आपलंच हाय की, आये. आता फॅशन हाय ही."

सखी बघत राहिली. "नाचतात कुणाच्या लग्नात? नवरी न्हाय, देवी न्हाय." चौक न लिहिताच ती गावाला परतली, लग्नाला थांबली नाही.

लग्न हॉलमध्ये झाले. नंतर पाहुणे खोलीत आले. प्रितमच्या गोडाऊनचे साहेब म्हणाले, "वा, संस्कृती जपलीत!" सगळ्यांना त्या भिंतीपुढेच फोटो हवा होता. ठकुबाई तिथेच उभी होती.

"आये, जरा सरक. भिंत येऊ दे फोटोत."

ती बाहेर येऊन माझ्याजवळ ओट्यावर बसली. आत हसणे चालले होते.

"दादा," ती हळूच म्हणाली, "पोर माझं बिनलग्नाचंच राहिलं."