आज जेसीबीसमोर बसले

मंडळी, घरी आल्या आल्या लिहितेय.

पवनानगरच्या वरच्या अंगाला आमची जुनी दगडखाण आहे. सुरुंग लावून लावून अर्धा डोंगर संपवला, मग खाण बंद पडली. आता तो डोंगर वनखात्याने राखीव केलाय. खाणीच्या काठावर, कातळाच्या भेगांत कंदीलपुष्पं फुलतात. फार थोड्या डोंगरांवर उरली आहेत ती.

आज सकाळी फुलं बघायला गेले, तर तिथे जेसीबी उभा! खाली पर्यटकांसाठी कॅम्प चालवणाऱ्या मालकाला तंबूंसाठी सपाट जागा हवी होती. आणि मशीनवर कोण, तर माझा चुलतभाऊ संतोष.

"ताई, बाजूला हो. मालकानं सांगितलंय."

"परवानगी दाखव."

"माज्याकडं न्हाई. मालकालाच इचार."

मी फुलांपुढे मांडी घालून बसले. त्याने बकेट वर उचललं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण उठले नाही. आमचा आवाज ऐकून शेजारच्या शेतातून सरूमावशी धावत आली आणि माझ्याजवळ बसली.

"संत्या, आदी आमच्या अंगावरनं ने."

संतोषने मशीन बंद केलं. "आता मला कामावरनं काढत्याल," म्हणाला आणि खाली उतरला. त्याच्यासाठी जीव तुटतोय. कुणाकडे ड्रायव्हरचं काम असेल तर नक्की कळवा.

वनखात्याकडे तक्रार केली आहे. पण मालक उद्या दुसरा ड्रायव्हर आणणार, हे संतोषनेच जाताना सांगितलं. मी आणि मावशी उजाडताच तिथे बसणार आहोत.

तुमच्यापैकी कोण कोण येतंय?