सोयीचं उत्तर

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हंजे शेजारणीचं अंडं परत नेऊन दिलं. तिची कोंबडी आमच्या गोठ्यात, कडब्यात घालून गेली व्हती. मी म्हणलं, "अगं, कडबा आपला, गोठा आपला, कोंबडी आपल्या पायानं आली. खाऊन टाकू." कारभारीण म्हणाली, "आन कोंबडी कुणाची?" मलाबी संगं घेतलं. एका अंड्याला पोचवायला दोन म्हातारी माणसं, जशी लेक सासरी निघाली.

आमच्या कारभारणीइतकी सरळ बाई अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात झाली न्हाय, आन तिच्यासंगं संसार करण्याइतकं अवघड कामबी दुसरं न्हाय. आमी ख्रिस्ती. मला वाचता येतं जेमतेम, शास्त्र तीच वाचायची. काहीबी ठरवायचं झालं की डोक्यावर पदर घेऊन चुलीपुढंच डोळे मिटायची, तव्यावर भाकर करपली तरी उघडायची न्हाय. पर उत्तर आपल्या सोयीचं आलं की तिला संशय यायचा. "हे देवानं सांगितलं का माझ्या मनानं, कळंना," म्हणायची आन परत डोळे मिटायची. मंग हमखास दुसरंच निघायचं, आन त्ये निस्तरायला मी.

एकदा शेळी विकायला बाजारात नेली. गिऱ्हाईक शेळीचं दात बघतंय तवर ही म्हणती, "दादा, दूध चांगलं देती, पर धार काढताना लाथ मारती. आन दावं चावून पळती." त्यो म्हणाला, "मावशी, इकाया आणलीय का बदनामी कराया?" ती शेळी आमच्याच दारात म्हातारी झाली. शेजारीण तुळजापूरहून प्रसादाचा पेढा घेऊन आली तवाची गोष्ट. आमच्यातली माणसं देवीचा प्रसाद खात न्हाईत. मी चटकन म्हणलं, "आमाला चालत न्हाय." हिनं मला गप केलं, आत जाऊन डोळे मिटून आली आन शेजारणीसमोर पेढा खाल्ला. रविवारी चर्चमधी आपणहून पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, नको म्हणणं सोपं होतं की."

"म्हणूनच खाल्ला," ही म्हणाली.

अंडं देऊन आलो त्याच सांजंला ती परसात पडली. डोक्यातली शीर फुटली व्हती. सोलापूरला नेलं, मशीनवर ठेवलं. काही दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आता श्वास मशीनच घेतंय. त्या परत येणार नाहीत. ठेवायचं का काढायचं, तुम्ही सांगा." लेक रडत म्हणाली, "बाबा, तुमी म्हणाल तसं." जन्मभर जी ठरवत आली, ती पुढ्यात गप पडलेली. मी भिंतीकडं तोंड करून डोळे मिटले. उत्तर लगेच आलं: ऱ्हाऊ द्या. जीव हाय तवर हाय.

लई सोयीचं व्हतं त्ये. हात ऊन लागत व्हता तिचा. तिथं बसून ऱ्हायलं की घरी जायला लागत नव्हतं. मी परत डोळे मिटले. मंग लेकीला म्हणलं, "काढा म्हणावं. तिला जाऊ दे."

शनिवारी माती दिली. पाळकसाहेब म्हणाले, योग्य केलंत. लेकबी तेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उपासनेला गेलो. आमच्यात बाया एका अंगाला बसत्यात, गडी दुसऱ्या. मी बायांच्या अंगाला गेलो, खांबाजवळ, तिच्या जागी सतरंजीवर बसलो. कुणी हटकलं न्हाय. शेजारच्या म्हातारीनं गुडघे आवरून जरा जागा केली. मी डोळे मिटले आन तिला विचारत बसलो, बरूबर केलं का म्हणून.