भोपळ्याची हनुवटी

जनावरांच्या दवाखान्यातली मावशी कुत्र्यांना अफू चारते, अशी कुजबुज होती. तिच्या ॲप्रनच्या खिशातल्या डबीबद्दल तर लोक काय काय बोलायचे!

त्या दिवशी शिंपीकाका आपला कुत्रा भोपळ्या याला घेऊन आले. नावाला भोपळ्या, पण सुई दिसली की लांडगा. डॉक्टरांना चावून बसलेला. आज रक्त तपासलं नाही तर त्याच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन अडणार, म्हणून काकांचा जीव टांगणीला.

मावशीनं गेला महिनाभर त्याला एकच शिकवलं होतं: हनुवटी माझ्या तळहातावर ठेव, डबीतलं मिळेल. आजही त्यानं ती ठेवली. डॉक्टरांनी पंजा धरला, सुई जवळ आणली, आणि भोपळ्यानं झटकन मान उचलली!

"घट्ट धरा त्याला!" काका ओरडले.

"कुणी हात लावायचा नाही!" मावशी म्हणाली. "मान उचलली म्हणजे त्यानं 'थांबा' म्हटलंय. डॉक्टर, सुई मागे. आणि काका, तुम्ही जरा श्वास घ्या, रक्त तुमचं नाही काढत."

सुई मागे गेली. सगळ्यांचे पुतळे झाले. भोपळ्यानं डॉक्टरांकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं, आणि आपणहून धप्पकन हनुवटी परत तळहातावर टेकली!

सुई आत गेली, नळी रक्तानं भरली, पठ्ठ्यानं हूं की चूं केलं नाही. उलट शेपटी हलवून टेबलावरची औषधाची बाटली पाडली. काकांनी नाचायचंच काय ते बाकी ठेवलं.

"मावशी, खरं सांगा, काय असतं हो त्या डबीत?"

मावशीनं डबी उघडली. आत उकडलेल्या कलेजीचे तुकडे होते.