पाचशे वॅट आणि सासऱ्यांचा रेडिओ

"बंद करा ते! कढईतलं तेल नाचून राह्यलं! ऐकू येतंय का न्हाई? बंद करा!"

हे शब्द माझ्या बायकोनं मला नंतर सांगितले. त्या वेळी मला फक्त तिचं उघडलेलं तोंड आणि वर धरलेला झारा दिसत होता. बाकी सगळा आवाज स्पीकरच्या दोन पेट्यांचा होता. आणि गाणं अजून लागलंच नव्हतं. कॅसेट माझ्या हातातच होती. ॲम्प्लिफायरचं मशीन नुसतं चालू केलं होतं, एवढंच.

मशीनच्या मागे मंडपवाला उभा होता. लग्नाकार्याला मांडव, खुर्च्या आणि लाऊडस्पीकर पुरवणारा आमच्या अंबडचा हा कर्तबगार माणूस. त्यानं मला अंगठा दाखवला, म्हणजे सगळं बराबर आहे. मग त्यानं एका पेटीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवला. त्याच्या धंद्यातली ती रीतच होती. पेल्यातलं पाणी सांडलं तर पेटी पास, नाही सांडलं तर नापास. आमच्या पेल्यातलं पाणी सांडलं नाही. पेला पाण्यासकट चालत कडेला गेला, खाली उतरला, उंबरा ओलांडला आणि गटारापर्यंत जाऊन मगच आडवा झाला. बघितलं ते सांगतो.

त्या दुपारी कोर्टात एका साक्षीदारानं कुणी न विचारता गुन्हा कबूल केला, असं एक वकीलसाहेब सांगत असत. मी वकिलांच्या बोलण्यावर जात नाही. पण तिकडे अंकुशनगरला साखर कारखान्यातले लोक पाळी सुटल्याचा भोंगा झाला म्हणून डबे उचलून घरी निघाले, हे मात्र मला पटतं. त्या दिवशी वारा तिकडेच वाहत होता.

पेट्या मी जालन्याहून आणल्या होत्या. जालन्याला लोखंडाच्या गिरण्या, त्यामुळे साऱ्या मुलखाचं भंगार तिथं येऊन पडतं. हैदराबादकडच्या कुठल्याशा हवेलीतलं सामान ट्रकनं आलेलं, आणि त्यात ह्या दोघी. कमरेएवढी उंची, अंगाला गुळासारखा रंग, पुढे जाळीदार कापड. आत परातीएवढा कागदी पडदा आणि त्याच्या मधोमध पत्र्याचं कर्ण्यासारखं फूल. भंगारवाला आतलं चुंबक काढायला हातोडा घेऊन निघालाच होता. मी मध्ये पडलो आणि माझी सायकल देऊन दोघींना सोडवलं. तेव्हापासून तहसील कचेरीत पायी जायला लागलो. तब्येत सुधारली, पण ते कुणी लक्षात घेत नाही.

"सायकल देऊन दोन कपाटं आणली," बायको शेजारणीला सांगत होती, "त्यांना दारं न्हाईत अन् आत फळ्या न्हाईत."

पेट्यांच्या पाठीवर पितळी पट्टी होती, आणि तिच्यावर इंग्रजीत कोरलं होतं: पंधरा वॅट. मंडपवाल्यानं ते बोटानं घासून बघितलं.

"शून्य गळालं असल, साहेब," तो म्हणाला. "एवढ्या थोरल्या पेटीला पंधरा वॅट? पंधरा वॅटवर तर माझी दारावरची बेल वाजते. हे दीडशे असल. दोन पेट्यांचे तीनशे. वर थोडं शिल्लक पाहिजे. माझं पाचशेचं मशीन आणतो."

मी महसूल खात्यातला माणूस. आकड्यातलं शून्य गळणं किंवा वाढणं ह्यात मला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. "आणा," म्हणालो. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पुढचं वर आलंच आहे.

शेवटी बायकोनं स्वतः येऊन भिंतीतला प्लग उपटला. शांतता झाली. लांब कुठंतरी एक गाढव ओरडत होतं, तेसुद्धा थांबलं.

"येत्या पंधरवड्यात संक्रांतीचं हळदी-कुंकू हाय," ती म्हणाली. "पन्नास बायका येणार. ह्या खोलीत तुमच्या ह्या दोघींनी आठ जणींची जागा खाल्ली. तवापर्यंत माणसासारख्या वाजल्या तर ठेवीन. न्हाई तर मागल्या आळीतल्या कोंबड्यावालीला देऊन टाकीन. तिनं मापं घेतलीत. एकात वीस बसतेत म्हणली."

"अगं, ही काय खुराडी वाटली का तुला?"

"जाळी तर हाय की पुढं."

माझ्याजवळ चौदा दिवस राहिले.

पहिले पाच मी शहाणपणात घालवले. मंडपवाल्यानं मशीनचं बटण पार खाली नेलं, तरी पेट्या कढत्या तेलात मिरची पडल्यासारख्या चरचरत. गाणं लावलं तर बटण पहिल्या खुणेला पोचायच्या आतच तबला अंगावर यायचा, आणि गाणारी बाई माझ्या कानात तोंड घालून भांडायची. मी कर्ण्यात कापूस कोंबला. मग गोधडी लावली. मग दोन गोधड्या. मग बायकोनं गोधड्या काढून घेतल्या. मंडपवाल्यानं शेवटी पेट्यांनाच दोष दिला. "जुन्या हायेत साहेब, पडदा थकलाय, ताकद पेलत न्हाई त्याला. ह्याच्यापेक्षा मोठं मशीन लावून बघू. सातशेचं." मी नको म्हणालो. गावात अजून थोड्या भिंती उभ्या होत्या.

सहाव्या दिवशी कुणीतरी शहागडच्या उस्तादाचं नाव काढलं. हायवेला लागून त्याची टपरी, ट्रकवाल्यांचे टेप आणि भोंगे दुरुस्त करायचा. पूर्वी रेडिओचा कारागीर होता. एक पेटी घेऊन मी एसटीनं निघालो. कंडक्टर म्हणाला टपावर टाका, मी म्हणालो जीव गेला तरी नाही. मग ती खिडकीजवळच्या सीटवर बसली आणि मी उभा राहिलो. कंडक्टरनं तिचं पूर्ण तिकीट फाडलं. अर्धं का नाही, विचारलं तर म्हणाला, "बारा वर्षांच्या वरची दिसती." दुसरीचं तिकीट वाचावं म्हणून ती घरीच ठेवली होती.

उस्तादानं पेटी बघितली आणि हात पुसले. मग परत पुसले. पितळी पट्टी वाचली, कागदी पडद्यावर बोटाचं टोक हळूच टेकवलं. मी पाचशे वॅटची हकीकत सांगितली. त्यानं डोळे मिटून घेतले.

"साहब, तुमी शेतकऱ्याच्या घरातले का?"

"हो. भाऊ शेती बघतो."

"मंग तुमाला कळाया पाहिजे होतं. एखाद्या बैलाला पराणी टोचली तरी हलत न्हाई. अन् एखाद्याला नुसतं च्यक् केलं की तो पळतो. ह्यो च्यक् वाला बैल हाय. तुमी त्याला पाचशे मानसं लावून पराणी टोचून राह्यले. तो बोंबलणार न्हाई तर काय करणार?"

"पण मग पंधरा वॅट..."

"पंधरा बी लई झाले. ते त्याचं शेवटचं पेलणं झालं. ज्या जमान्यात ही बनली, त्या जमान्यात एक वॅट बनवायला बी पसीना यायचा. म्हणून पेटीच अशी बनवली का थोडक्यात भागलं पाहिजे. तुमच्या मशीनची जी बारीक खरखर मांडवात कुणाला ऐकू येत न्हाई ना, ती बी ही पेटी इमानदारीनं सुनवते. ह्याला तीन वॅट पाहिजे. पण साफ पाहिजे. घरी जुना रेडिओ हाय का? तापल्यावर बोलतो तसला? व्हॉल्व्हवाला?"

रेडिओ होता.

तो आमच्या लग्नात सासऱ्यांनी दिलेला. बायकोनं त्याला भरतकामाचं झाकण शिवलं होतं आणि तो कपाटावर ठेवला होता, तिथून तो फक्त दिवाळीच्या झाडलोटीला खाली यायचा. चालू केल्यावर बोलायला त्याला इतका वेळ लागायचा की बातम्या जुन्या होऊन जायच्या. मी त्याच्यावर पंधरा वर्षं वाकडं बोलत आलो होतो. सासऱ्यांच्या देखतही बोललो होतो. ते आता नव्हते, त्यामुळे बोललेलं परत घ्यायला माणूस उरला नव्हता.

पेटी उस्तादाकडेच ठेवून घरी आलो. बायको तीळ निवडत होती.

"अगं, ते आपलं..."

"काय?"

"वर कपाटावर असतं ते."

"कपाटावर लई काय काय असतं."

"रेडिओ."

तिचा हात थांबला. "तुमीच म्हणले होते ना, त्याच्यात उंदीर बसून बातम्या सांगतेत?"

"म्हणालो होतो."

"माझ्या बापानं गावातल्या बोहरी दुकानदाराला फसून घेतला म्हणले होते."

"ते जरा जास्त झालं."

"मंग आता उंदराकडं काय काम काढलं?"

मी सांगितलं. तीन वॅट, व्हॉल्व्ह, च्यक् वाला बैल, सगळं. रेडिओच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकं असतात, त्यात आपला टेप जोडायचा, आणि आतल्या छोट्या स्पीकरऐवजी ही पेटी लावायची, हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि तिळाचं सूप बाजूला ठेवलं.

"मी संगं येणार," ती म्हणाली. "माझ्या समोरच उघडायचा."

दुसऱ्या दिवशी ती एसटीत रेडिओ मांडीवर घेऊन बसली. झाकणासकट. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ती तो दोन्ही हातांनी उचलून धरायची, आणि खड्डे इतके होते की अर्धा प्रवास रेडिओनं हवेतून केला.

उस्तादानं तिच्यासाठी लाकडी खुर्ची पुसून ठेवली. मला ट्रकचा टायर दिला. रेडिओची पाठ उघडली, फुंकर मारली, आत वाकून बघितलं.

"ताई, हे कुणी घेतलं?"

"वडलांनी."

"त्यांना कान होता. हे सस्तं न्हाई. त्यांनी दहा वाजवून मंग हे घेतलं असल."

बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं हायवेकडे बघितलं. त्यापेक्षा माझ्याकडे बघितलं असतं तर परवडलं असतं.

पेटी आणि रेडिओचं पुरतं जमत नव्हतं. रेडिओचा स्वतःचा स्पीकर एका मापाचा, आणि पेटीची तार दुसऱ्या मापाची. उस्तादानं रेडिओतला मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर काढला आणि पेटीच्या मापानं नव्यानं गुंडाळायला घेतला. तांब्याची केसाएवढी तार, आणि तो मनात वेढे मोजतोय. तेवढ्यात मी विचारलं, "दुसरी पेटीही घरी आहे, दोन्ही जोडता येतील ना?" त्याचा आकडा चुकला. त्यानं सगळे वेढे उलगडले आणि पहिल्यापासून सुरू केलं. ते संपल्यावर म्हणाला, "रेडिओला तोंड एकच हाय. दोघींना जोडलं तर दोघी बी अर्ध्या पोटी. दुसरीला असलाच दुसरा रेडिओ पाहिजे." बायको म्हणाली, "माझं लग्न एकदाच झालं."

मग त्यानं रेडिओ लावला. आम्ही वाट बघितली. आत तांबूस उजेड पडला. मी कान झाकायला हात वर केले होते, पण काहीच आलं नाही, खरखर नाही, गुरगुर नाही. मला वाटलं बंद पडला. उस्तादानं कॅसेट सुरू केली.

बाहेरून उसाचे ट्रक जात होते. ते ऐकू येत होते, आणि त्यांच्या अलीकडे एक बाई गात होती, हळू, टपरीतल्याच स्टुलावर बसून गावं तशी. गायच्या आधी तिनं घेतलेला श्वास ऐकू आला. तबल्याच्या काठाला तबलजीची अंगठी लागली तेही ऐकू आलं. सोन्याची होती. बावीस कॅरेट नसावी, पण सोन्याची. एक ट्रकवाला भोंगा दुरुस्तीला आला होता, तो भोंगा हातात धरून गाणं संपेपर्यंत उभा राहिला आणि तसाच परत गेला. त्या पट्ट्यात पुढचे सहा महिने तो भोंग्याशिवाय ट्रक चालवत होता, आणि अपघात एकही नाही.

माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. हायवेला धूळ फार. बायको रेडिओचं झाकण घडी करून मांडीवर घेऊन बसली होती आणि त्या घडीवरून हात फिरवत होती.

हळदी-कुंकवाला पन्नास नाही, साठ बायका आल्या. पेटी कोपऱ्यात वाजत होती, वर रेडिओ. मी स्वयंपाकघरात लपून ऐकत होतो. अंबडच्या इतिहासात साठ बायका एका खोलीत बसल्या आणि एकमेकींशी हळू आवाजात बोलल्या, असं त्याआधी घडलेलं नाही. कोंबड्यावाली पण आली होती. तिनं वाजणाऱ्या पेटीकडे बघितलं, वाण घेतलं आणि हात जोडून गेली. रेडिओ कुणाचा, हे बायकोनं साठही जणींना वेगवेगळं सांगितलं. पेटी कुणी आणली, हे कुणी विचारलं नाही.

शेवटची बाई गेल्यावर मी बाहेर आलो. बायको सतरंजी झटकत होती. पेटी अजून वाजत होती. तिनं ती बंद केली नव्हती, हे मी बघून ठेवलं. छाती जरा पुढे आली.

"मग काय?" मी म्हणालो. "माणसासारख्या वाजल्या ना? राहतेत ना आता पेट्या?"

तिनं सतरंजीची घडी केली, टोकं जुळवली.

"एकच वाजून राह्यली," ती म्हणाली. "दुसरी उद्या सकाळी कोंबड्यावालीला पाठवून द्या."